पर्सियस पाणबुडीचा स्टोकर

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत मी आठ दिवस विशाखापट्टणमला मामांकडे होतो. मामा मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले. पंधरा वर्षे ते नौदलात होते आणि ती सगळी वर्षे त्यांनी जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली. निवृत्तीनंतर ते तिथेच राहिले. पहिल्याच संध्याकाळी ते मला समुद्रकिनाऱ्यावर ‘कुरसुरा’ दाखवायला घेऊन गेले. कुरसुरा ही आपल्या नौदलाची जुनी पाणबुडी. १९६९ साली ती नौदलात आली, २००१ साली निवृत्त झाली आणि आता वाळूवर ओढून तिचे संग्रहालय केले आहे. ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी अवश्य पाहावी. लांबी ९१ मीटर, म्हणजे जवळजवळ आपल्या फुटबॉलच्या मैदानाएवढी. पण आत दोन माणसे शेजारी शेजारी चालू शकत नाहीत. एका भागातून दुसऱ्या भागात जायला गोल दारे आहेत. त्यांतून आधी एक पाय, मग डोके, मग उरलेले अंग, असे जावे लागते. माझे डोके दोनदा आपटले.

इंजिनांच्या भागात आल्यावर मामा थांबले. दोन्ही बाजूंना इंजिने आणि मधून जेमतेम चालण्यापुरती वाट. मामा म्हणाले, “वरच्यांना निदान समुद्र दिसतो रे. आम्हाला बाहेर काय चाललंय ते आवाजावरून आणि पायाखालची जमीन कलली की कळायचं.”

मी लगेच कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांचे नाव काढले. त्यांची गोष्ट आपल्या शाळेत सगळ्यांना पाठ आहे. ९ डिसेंबर १९७१ रोजी दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडीने ‘खुकरी’वर टॉर्पेडो मारले. कॅप्टन मुल्लांनी आपले लाइफ जॅकेट एका नाविकाला दिले आणि स्वतः जहाजाबरोबर गेले. त्यांना महावीर चक्र मिळाले. मामांनी ऐकून घेतले आणि विचारले, “बरोबर. आता खुकरीच्या इंजिनरूममध्ये त्या रात्री कोण ड्यूटीवर होतं, त्यातल्या एकाचं नाव सांग.”

मला सांगता आले नाही. खुकरीबरोबर १८ अधिकारी आणि १७६ नाविक गेले. कॅप्टन मुल्लांचे शेवटचे क्षण आपल्याला माहीत आहेत, कारण ते पाहणारे काही जण वाचले. खाली जे घडले ते पाहणारा वर आला नाही.

मग घरी जाताना मामांनी मला जॉन केप्सची गोष्ट सांगितली. तो भारतीय नव्हता, ब्रिटिश होता, आणि गोष्ट दुसऱ्या महायुद्धातली आहे. शाळेत परत आल्यावर मी तिच्याबद्दल मिळेल ते वाचले. गोष्ट ऐकायला सोपी वाटते, पण तिच्यातले प्रत्येक पाऊल किती अवघड होते ते थोडे भौतिकशास्त्र समजल्याशिवाय कळत नाही. म्हणून हा लेख.

आधी ‘स्टोकर’ म्हणजे कोण ते सांगतो. वाफेच्या जहाजांवर भट्टीत फावड्याने कोळसा टाकणाऱ्या माणसाला स्टोकर म्हणत. पुढे कोळसा गेला, तेल आले, पाणबुडीत डिझेल इंजिने आली, पण ब्रिटिश नौदलाने नाव तेच ठेवले. इंजिने चालू ठेवणे, तेल-पाण्याचे पंप सांभाळणे, गळती बंद करणे ही त्यांची कामे. अंगाला डिझेलचा वास कायमचा. मामा म्हणतात की त्यांच्या साबणालासुद्धा तो वास यायचा.

जॉन केप्स लीडिंग स्टोकर होता. गंमत म्हणजे त्याचे वडील राजनैतिक अधिकारी होते आणि तो लंडनच्या डलिच कॉलेज या नामवंत शाळेत शिकलेला होता. अशा घरातला, अशा शाळेतला मुलगा त्या काळात अधिकारीच व्हायचा. हा मात्र इंजिनरूममध्ये होता. आपल्याकडे आठवीपासून सगळे एनडीएचीच भाषा बोलतात. माझे बाबा हवालदार आहेत आणि आई फोनवर दर रविवारी विचारते, “गणित कसं चाललंय?” त्यामुळे केप्सबद्दलची ही माहिती वाचून मी जरा थांबलोच.

डिसेंबर १९४१. इटलीने जर्मनीच्या बाजूने युद्धात उडी घेतली होती आणि भूमध्य समुद्रात ब्रिटिश पाणबुड्या शत्रूची रसद तोडण्याचे काम करत होत्या. ‘पर्सियस’ ही त्यांतली एक. ती २६ नोव्हेंबरला माल्टा बेटावरून निघाली होती आणि गस्त घालून इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाला जाणार होती. केप्स तिच्या कर्मचाऱ्यांपैकी नव्हता. तो दुसऱ्या पाणबुडीचा माणूस होता आणि अलेक्झांड्रियापर्यंत प्रवासी म्हणून आला होता. वय ३१. ही ‘प्रवासी’ असल्याची बाब लक्षात ठेवा, पुढे तिच्यावरून बराच गोंधळ झाला.

त्या काळातल्या पाणबुड्या सतत पाण्याखाली राहू शकत नसत. पाण्याखाली त्या बॅटरीवर चालत आणि बॅटरी चार्ज करायला डिझेल इंजिन लागे. इंजिनाला हवा लागते, म्हणून रात्र झाली की अंधाराचा फायदा घेऊन वर यायचे, इंजिने चालवायची, बॅटरी भरून घ्यायची आणि उजाडण्यापूर्वी पुन्हा बुडी मारायची. ६ डिसेंबरच्या रात्री पर्सियस हेच करत होती. जागा ग्रीसच्या पश्चिमेला, केफालोनिया आणि झाकिंथोस या दोन बेटांच्या मधली. समुद्र खवळलेला होता.

पाणबुडीत जागेची टंचाई असते. प्रवाशाला बिछाना कुठून मिळणार? केप्सला सगळ्यात मागच्या भागात, वापरात नसलेल्या एका टॉर्पेडो ट्यूबमध्ये झोपायची सोय करून दिली होती. तो तिथे पडून होता. त्याच्याजवळ रमची एक बाटली होती. रात्री दहाच्या सुमारास मोठा स्फोट झाला. पाणबुडी पाणसुरुंगावर आदळली होती. ती वळली, नाक खाली करून गेली आणि तळावर आपटली. केप्स फेकला गेला. दिवे गेले.

आपण उभे राहू शकतो हे लक्षात आल्यावर त्याने चाचपडत टॉर्च शोधला आणि पुढे इंजिनरूमकडे गेला. स्वतःच्या जागी थांबला असता तरी चालले असते. ती त्याची पाणबुडी नव्हती आणि ड्यूटीही नव्हती. इंजिनरूममध्ये डझनभर माणसे मरून पडली होती. त्याच्याही पुढे जाणे शक्य नव्हते. इंजिनरूमचे पुढचे दार पलीकडच्या पाण्याच्या दाबाने घट्ट बसले होते, करकरत होते आणि त्याच्या रबरी जोडातून पाण्याच्या चिळकांड्या येत होत्या. म्हणजे त्या दारापलीकडचे सगळे संपले होते. मागच्या भागात ज्यांच्यात धुगधुगी होती अशा जखमी स्टोकरांना त्याने ओढत ओढत हॅचखाली आणले. हॅच म्हणजे छतातले झाकण, बाहेर पडायची वाट.

आता इथे थांबून दाबाचा हिशेब करू. मला तो आमच्या फिजिक्सच्या सरांनी तपासून दिला आहे.

पोहण्याच्या तलावात खोल बाजूला तळाला हात लावायला गेलो की कान दुखतात. ती खोली तीन-साडेतीन मीटर. दर दहा मीटरला पाण्याचा दाब एक वातावरणाने वाढतो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलो. पर्सियस ज्या ठिकाणी पडली होती तिथली खोली १७० फूट, म्हणजे ५२ मीटर. बाहेरच्या पाण्याचा दाब आतल्या हवेपेक्षा सुमारे ५.२ वातावरणांनी जास्त. समजा हॅचचा व्यास ६० सेंटिमीटर आहे. क्षेत्रफळ काढा : सुमारे २८२७ चौरस सेंटिमीटर. त्याला ५.२ ने गुणा. साडेचौदा टनांपेक्षा जास्त! म्हणजे झाकणावर भरलेला ट्रक उभा आहे आणि तुम्हाला ते खालून हाताने ढकलायचे आहे. दहा पैलवान लावले तरी उघडणार नाही.

मग उघडायचे कसे? आत पाणी सोडायचे. ऐकायला हे वेडेपणाचे वाटते, पण दुसरा उपायच नाही. मुद्दाम व्हॉल्व्ह उघडून समुद्राचे पाणी आत घ्यायचे. पाणी चढते तशी आतली हवा वर अडकून दाबली जाते. ती दाबली जाऊन बाहेरच्या पाण्याइतक्या दाबाची झाली की दोन्ही बाजू सारख्या होतात आणि झाकण उघडता येते. बॉईलचा नियम आपण नववीत शिकलो : दाब सहापट झाला की आकारमान एक षष्ठांश. म्हणजे साधा हिशेब केला तर कप्प्याचे सहा भाग धरून पाच भागांत पाणी भरेपर्यंत, काळोखात, डिसेंबरच्या थंड पाण्यात, जखमी माणसांना धरून, उरलेल्या एका भागातल्या खराब हवेत थांबायचे. त्या हवेत डिझेल, धूर आणि माणसांच्या श्वासाचा कार्बन डायऑक्साइड. शिवाय तोच वायू जास्त दाबाखाली शरीराला आणखी बाधतो.

अजून एक अडचण आहे. हॅच उघडल्यावर ती अडकलेली हवा भसकन निघून गेली तर आतल्यांचे काय? त्यासाठी हॅचच्या खाली जाड कापडाची एक नळी घडी करून बसवलेली असे. ती खाली ओढायची आणि दोऱ्यांनी जमिनीला बांधायची. नळीचे खालचे तोंड पाण्यात बुडलेले राहते, त्यामुळे नळीच्या आत पाणी आणि बाहेर सभोवती हवा असा बंदोबस्त होतो. बाहेर पडणाऱ्याने पाण्यात बुडी मारायची, नळीच्या खालच्या काठाखालून आत शिरायचे आणि सरळ वर हॅचमधून निघायचे. बादलीत ग्लास उलटा दाबून पाहा, हवा कशी अडकते ते लगेच कळेल.

बाहेर पडल्यावर श्वासासाठी ‘डेव्हिस’ नावाचे साधन होते. ब्रिटिश नौदलाने ते १९२९ पासून वापरात आणले. छातीवर बांधायची रबरी पिशवी, तिला ऑक्सिजनची छोटी बाटली, श्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेणाऱ्या रसायनाचा डबा, तोंडात धरायची नळी, नाकाला चिमटा, डोळ्यांना गॉगल. साधन चांगले होते, पण चमत्कार करणारे नव्हते. १९३९ च्या जून महिन्यात, युद्ध सुरू होण्यापूर्वीच, ‘थेटिस’ ही नवी ब्रिटिश पाणबुडी लिव्हरपूलजवळ बुडाली. तिची शेपूट कित्येक तास पाण्याच्या वर दिसत होती आणि सगळ्यांकडे हे साधन होते, तरी १०३ पैकी फक्त चौघे वाचले. आणि डेव्हिसची चाचणी १०० फुटांपर्यंतच झालेली होती. खूप खोल पाण्यात शुद्ध ऑक्सिजन स्वतःच विषासारखा होतो आणि झटके येतात.

केप्सने टॉर्च मारून खोलीचा काटा पाहिला. काटा २७० फुटांच्या थोडा पुढे होता! काटा स्फोटाने बिघडलेला होता आणि शंभर फूट जास्त दाखवत होता, पण हे त्याला कसे कळणार? त्याच्या माहितीप्रमाणे इतक्या खोलातून कोणी कधी सुटले नव्हते. मी हे वाचताना विचार करत होतो की मी असतो तर काटा पाहून खाली बसलो असतो. खरेच बसलो असतो.

केप्सने जखमींना आणि स्वतःला डेव्हिसची साधने बांधली. कप्प्यात पाणी सोडले. कापडी नळी खाली ओढली. हॅचच्या कड्या स्फोटाने वाकल्या होत्या, त्या मोठ्या मुश्किलीने सोडवल्या. मग जखमी सोबत्यांना एकेक करून नळीत ढकलले आणि वर पाठवले. ते तिघे होते. शेवटी त्याने बाटलीतून रमचा एक घोट घेतला, बुडी मारली आणि स्वतः बाहेर पडला.

वर जाणेही साधे नव्हते. बॉईलचाच नियम आता उलटा लागतो. ५२ मीटर खाली फुप्फुसात पाच लिटर हवा असेल तर पृष्ठभागावर तीच तीस लिटर होऊ पाहते. श्वास रोखून धरला तर फुप्फुसे फाटतात. म्हणून वर जाताना सतत श्वास सोडत राहावे लागते. बुडणाऱ्या माणसाला श्वास सोड म्हणणे म्हणजे भुकेल्याला ताट सरकव म्हणण्यासारखेच आहे, पण जगायचे असेल तर तेच करावे लागते. केप्सनेच पुढे सांगितले की वर जाताना सगळे शरीर फुटून जाईल अशा वेदना झाल्या. तरी तो वर पोचला.

वर कोणी नव्हते. ते तिघेही नव्हते.

दूर अंधारात पांढरे कडे दिसत होते. तो तिकडे पोहत सुटला. थकलेला, थंडीने गारठलेला आणि एकटा. सकाळी केफालोनियाच्या किनाऱ्यावर दोघा कोळ्यांना तो बेशुद्ध पडलेला सापडला.

केफालोनियावर तेव्हा इटालियन सैन्याचा ताबा होता. शत्रूच्या सैनिकाला घरात लपवले तर सगळ्या घराचा जीव जाण्याची वेळ. तरी त्या बेटावरच्या गरीब लोकांनी केप्सला दीड वर्ष या घरातून त्या घरात असे फिरवत लपवून ठेवले. गोरा ब्रिटिश चटकन ओळखू येऊ नये म्हणून त्याचे केस काळे केले. त्याचे वजन सत्तर पौंडांनी, म्हणजे सुमारे ३२ किलोंनी उतरले. बेटावर खायलाच नव्हते. गावकऱ्यांनी त्याला एक गाढवीणही दिली होती, तिचे नाव मरिका. अट एकच : तिला मारून खायचे नाही, तशी शपथ घे! आमच्या हाऊसमध्ये मी ही गोष्ट सांगितली तेव्हा सगळ्यात जास्त हसू याच ठिकाणी आले. पण नंतर विचार केला तर कळते की ज्या गावात माणसे अशी अट घालतात तिथे भूक केवढी असेल. शौर्याबद्दल लिहायचे तर या लोकांबद्दल वेगळा लेख लिहायला हवा. त्यांना कोणी हुकूम दिलेला नव्हता.

मे १९४३ मध्ये ब्रिटिश नौदलाने गुप्तपणे व्यवस्था केली आणि मासेमारीच्या बोटीतून केप्सला बेटावरून काढले. वळणावळणाच्या मार्गाने सुमारे ६४० किलोमीटरचा प्रवास करून तो तुर्कस्तानात पोचला आणि तिथून अलेक्झांड्रियाला. म्हणजे ज्या बंदराला तो काही दिवसांत जाणार होता, तिथे दीड वर्षाने पोचला. त्याला ब्रिटिश एम्पायर मेडल मिळाले. तो पुन्हा पाणबुड्यांवरच नोकरीला लागला. पर्सियसवरच्या ६१ जणांपैकी वाचलेला तो एकटा.

गोष्ट इथे संपली असती तर मामांनी मला ती सांगितली नसती.

पदक मिळाले तरी पुष्कळ लोकांचा त्याच्यावर विश्वास बसला नाही. नौदलातल्यांचाही आणि बाहेरच्यांचाही. त्यांची कारणे अगदीच खोटी नव्हती. एक तर पर्सियसच्या कर्मचाऱ्यांच्या यादीत त्याचे नावच नव्हते. प्रवासी होता ना! दुसरे, डेप्थचार्जच्या धक्क्याने सुटण्याचे हॅच आपोआप उघडू नयेत म्हणून युद्धकाळात ते बाहेरून पक्के बंद करून टाकण्याचे हुकूम होते. मग याने ते आतून उघडले कसे? तिसरे, खोली २७० फूट सांगतो. तेवढ्या खोलातून माणूस जिवंत येत नाही. चौथे, तो बोलका होता, गोष्टी रंगवून सांगण्याबद्दल प्रसिद्ध होता आणि त्याने वेगवेगळ्या वेळी लिहिलेल्या हकिगतींत तपशील थोडे वेगळे असत. आणि साक्षीदार एकही नाही.

वसतिगृहात राहणाऱ्याला यातले दुःख लवकर कळते. आपण खरे बोललो आणि समोरच्याने नुसते ‘बरं’ म्हटले, तर ते चार राउंड धावण्याच्या शिक्षेपेक्षा जास्त लागते. केप्सने ते ‘बरं’ चाळीस वर्षे ऐकले. १९८५ साली तो वारला, तेव्हाही शंका तशीच होती.

१९९७ साली कोस्तास थोक्तारिदिस या ग्रीक पाणबुड्याने आपल्या सहकाऱ्यांबरोबर समुद्रात बुड्या मारून पर्सियस शोधून काढली. ती ५२ मीटर खोलीवर होती. मागच्या भागातला सुटण्याचा हॅच उघडा होता. आतला कप्पा केप्सने वर्णन केला होता तसाच होता. टॉर्पेडो ट्यूबमधला त्याचा रिकामा बिछाना तिथे होता. आणि त्याची रमची बाटलीही तिथे होती. घटनेला ५६ वर्षे झाली होती आणि केप्सला जाऊन बारा.

हे सगळे मी हाऊसच्या सभेत सांगितले. शेवटी टाळ्या मिळतील अशी माझी अपेक्षा होती. मिळाल्याही. पण बारावीतल्या एका सिनियरने हात वर केला आणि विचारले, “बाटली सापडली, हॅच उघडा सापडला, मान्य. पण त्याने त्या तिघांना आधी पाठवलं आणि स्वतः शेवटी गेला, हे बाटलीवरून कसं सिद्ध होतं?”

मला उत्तर सुचले नाही. प्रश्न बरोबर होता. बुडालेली पाणबुडी एवढेच सांगू शकते की झाकण उघडले गेले. त्यातून आधी कोण गेले ते ती सांगू शकत नाही. आणि शौर्य म्हणून आपण ज्याला मान देतो ते तर नेमके तेवढेच आहे. स्वतः जीव वाचवून बाहेर पडणे ही हिंमत झाली, मोठी हिंमत झाली. पण संपत चाललेल्या हवेत थांबून दुसऱ्याला आधी ढकलणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि तिच्यासाठी आपल्याजवळ केप्सच्या शब्दाशिवाय काही नाही.

रविवारी आईचा फोन झाल्यावर मी तिला मामांना फोन जोडायला लावला. सिनियरचा प्रश्न सांगितला. मामा रागावतील असे वाटले होते, पण ते म्हणाले, “पोरगा हुशार आहे.” मग म्हणाले, “आता असं बघ. ती नळी कशी आहे ते तूच मला समजावलंस. पाण्यात बुडी मारून, कडेखालून आत शिरायचं. अर्धमेल्या माणसाला ते एकट्याला जमेल का?”

“नाही,” मी म्हणालो.

“म्हणजे खालून ढकलणारा कुणीतरी पाहिजे. तो आधी वर गेला तर ढकलणार कोण? जो धडधाकट असतो त्याला शेवटीच जावं लागतं. तिथे दुसरा धडधाकट कोण होता?”

मी हे सिनियरला जाऊन सांगितले. तो म्हणाला की हेसुद्धा पूर्ण सिद्ध होत नाही, ते तिघे नळीतून गेले हेही केप्सच सांगतो. हेही खरे आहे. पण मग तो स्वतःच म्हणाला की खोलीचा काटा चुकीचा होता तरी केप्सने काट्यावर दिसला तोच आकडा शेवटपर्यंत सांगितला. लोक त्याच आकड्यामुळे त्याला खोटा म्हणत होते. रंगवून सांगणाऱ्याने आकडा कमी करून टाकला असता, दीडशे फूट म्हणाला असता, म्हणजे पटकन पटले असते. हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता, म्हणून तो त्याच्याच नावावर लिहायला हवा. पण त्याने नाव छापू नको म्हटले आहे.

मी केप्सवर विश्वास ठेवतो. डिसेंबरच्या सुट्टीत जमले तर पुन्हा विशाखापट्टणमला जाणार आहे आणि कुरसुरामध्ये सुटण्याच्या हॅचखाली उभा राहून पाहणार आहे की तिथे चार माणसे, त्यांतली तीन जखमी, मावतात कशी. पर्सियसबरोबर गेलेल्यांची यादी साठ जणांची आहे. ते तिघे स्टोकर त्या साठांतच आहेत, इंजिनरूमपासून समुद्राच्या पृष्ठभागापर्यंतच्या बावन्न मीटरांत कुठेतरी हरवलेले.